एका घराची दोन राज्यं

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

आज मी मंडळ सोडलं. हे लिहून ठेवते, कारण नवऱ्याला, लोकेशला, घरी आल्यापासून तेच तेच सांगून झालं आणि पुन्हा तोंड उघडलं तेव्हा तो म्हणाला, "माला, आता डायरीले सांग." रेल्वेतला माणूस. सिग्नल मिळाला की गाडी पुढे काढतो, मागे बघत नाही.

झालं असं. रायपूरला, तात्यापाऱ्यातल्या आमच्या प्रभात कला मंडळाची बैठक होती. यंदा छत्तीसगढ राज्याला पंचवीस वर्षं होतात, म्हणून मंडळानं खास नाटक बसवायचं ठरवलं. मी उन्हाळाभर बसून एक लिहिलं होतं, 'एका घराची दोन राज्यं'. राज्य वेगळं झालं तेव्हा सरकारी नोकरांचीही वाटणी झाली होती, हे आता कुणाच्या ध्यानात नाही. काहींची नावं इकडे लागली, काहींची मध्य प्रदेशात. माझे बाबा सिंचाई विभागात सब-इंजिनिअर. त्यांना भोपाळ मिळालं. आई इथल्या सरकारी शाळेत शिक्षिका, ती इथेच राहिली. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबा गेले ते गेलेच. रिटायर झाल्यावरही तिकडेच राहिले. कुणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि ती आमच्या स्वयंपाकघरातून गेली. नाटकात तेच आहे.

यशवंतरावांनी थोडी पानं वाचली आणि चष्मा काढला. ते आमचे अध्यक्ष. मी मंडळात आले त्याच्या कितीतरी आधीपासून तेच आहेत.

"दीपमाला, भावना पोचल्या. पण हा उत्सव आहे. उत्सवात ताटातूट कशाला?" मग म्हणाले की ऐतिहासिक नाटक करू, पोशाख तयारच आहेत. "आणि त्यात दासीचं काम आहे. छोटं आहे, पण तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही."

"दासी मी पुष्कळदा केली, काका."

"म्हणून तर म्हणतोय!"

सगळे हसले. वाईट मनानं नाही हसले. माणसं चांगली आहेत, हेही लिहून ठेवते. मला फक्त एकदम आठवलं की या मंडळात मी आजवर कधी खुर्चीवर बसायचं काम केलेलं नाही. दासी, दाई, मोलकरीण, सगळ्या उभ्या. मी उठले. म्हटलं, "मग मी जाते."

माझ्या मागे विहंग उठला. सिलतऱ्याला स्टील प्लांटमध्ये इंजिनिअर आहे, पुण्याहून आलेला पोरगा, नाटकाचं वेड. मग ऋता उठली. शेवटी दीक्षा, सगळ्यांत लहान, मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते: "दीदी रुकिए, मेरी चप्पल नहीं मिल रही."

दारातून बाहेर पडताना यशवंतराव म्हणाले, "वेगळं होणं सोपं असतं, दीपमाला. वेगळं राहून दाखव."

मी चपला घालून निघाले. आता वाटतं बोलायला हवं होतं. काय ते सुचत नाही.

२६ ऑगस्ट

तीजा, इकडची हरतालिका. ऑफिसातल्या निम्म्या बाया माहेरी गेलेल्या. मीही अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आईकडे गुढियारीला गेले. आमच्यात तीजाचा उपास नाही, पण माहेरी जायला काय हरकत आहे.

आई ओसरीत बसून चेंच भाजी निवडत होती आणि गुणगुणत होती. मी सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "आता पस्तावून राहिली का?"

"नाही."

"मग आली कायले?"

"रिहर्सलला जागा पाहिजे. आमचं क्वार्टर पुरत नाही."

"घे ना समोरची खोली. चहा मात्र ज्याचा त्यानं करायचा." मग विचारलं, "कायचं नाटक हाये?"

"तुझ्यावर."

तिचा हात थांबला. "माझ्यावर? माझ्यावर लिहिण्यासारखं काय हाये?"

"सरकारनं तुझ्यावर अन्याय केला, त्याच्यावर."

"असं?" म्हणाली, आणि भाजीकडे वळली. बिचारीला त्या आठवणी नको असतील. बाबा गेले तेव्हा तिनं किती धीरानं घेतलं ते मी पाहिलंय. दुःख विसरायला ती लूना चालवायला शिकली. बाबांची आठवण नको म्हणून पलंग भिंतीकडून काढून खिडकीखाली नेला. विहारातल्या बायांच्या गाण्याच्या मंडळात जायला लागली, आधी कधी गात नव्हती. आता तर तीच त्यांची मुख्य गायिका. एवढं सगळं करून माणूस किती एकटं असेल!

७ सप्टेंबर, रविवार

काल गणपती गेले, आज आमची पहिली रिहर्सल. ग्रुपला नाव लोकेशनं दिलं, चिडवायला: 'वेगळी चूल'. विहंगला इतकं आवडलं की त्यानं लगेच व्हॉट्सॅपवर टाकलं.

दीक्षा बायको करणार, विहंग नवरा, ऋता शेजारीण. साहेबाचं काम मी करणार. भोपाळची ऑर्डर काढणारा साहेब. शेवटच्या प्रवेशात बायको त्याच्यापुढे हात जोडते, रडते, आणि तो म्हणतो, "आदेश ऊपर से आया है, मैं कुछ नहीं कर सकता." मग पडदा. ऋता म्हणाली, साहेब पुरुष असावा ना. मी म्हटलं, टेबलामागे खुर्चीवर बसायचंय, तेवढं मला जमेल.

प्रयोग २ नोव्हेंबरला, राज्योत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, विहाराच्या हॉलमध्ये. आईनं तिथल्या लोकांना विचारून ठेवलं होतं. मी सांगायच्या आधीच.

बसलं तर बरं. विहंग संवाद छान म्हणतो पण त्याचा नवरा फार पुणेरी वाटतो. मी त्याला म्हटलं, "'का' नको म्हणू, 'काहून' म्हण." तो "काहून" असं म्हणतो की जणू चमच्यानं उचलून ठेवतो.

१८ सप्टेंबर

ऑफिसात लक्ष लागत नाही. नवा रायपूरला जाताना बसमध्ये संवाद बदलत बसते आणि स्टॉप चुकते. यशवंतरावांच्या नाटकाचे फोटो फेसबुकवर येऊन राहिले आहेत. पोशाख फार सुंदर दिसतात. दासी नवीन मुलगी आहे.

मी चूक केली का?

२ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात आई गायली. पांढरी साडी, हातात माईक, डोळे मिटलेले. दीक्षा आली होती, ती पूर्ण वेळ आईकडेच बघत होती. मला म्हणाली, "दीदी, आपकी मम्मी को देखकर लगता है जैसे कोई घर का दरवाज़ा खोल रहा हो." पोट्टी काहीही बोलते.

घरी येऊन बाबांना फोन लावला. ते भोपाळला एकटेच राहतात, कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये. नाटकाचं सांगितलं तर फोनवर आवाज फुटला. "माझ्यावर लिहिलं बेटा? आपल्यावर झालेल्या अन्यायावर?" लगेच म्हणाले, येतो. मी आईला सांगायच्या आधी त्यांनी अमरकंटक एक्स्प्रेसचं तिकीटही काढलं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "येऊ दे. उतरतील कुठं?"

"आमच्याकडे. का?"

"काही नाई, इचारलं."

५ ऑक्टोबर, रविवार

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

शेवटचा प्रवेश करत होतो. दीक्षाला हात जोडून रडायचं होतं. तिनं हात जोडले, रडली नाही, हात सोडले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाली, "दीदी, ये औरत रो क्यों रही है?"

"काहून म्हणजे? नवरा चालला तिचा."

"पर काकू तो नहीं रोई थीं."

"तुला काय माहीत?"

तिनं विहंगकडे पाहिलं. विहंग खाली बघायला लागला. म्हणजे त्यालाही माहीत होतं. तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत.

"मी सांगितलं तिले," आई म्हणाली. "तिनं इचारलं, काकू, साहेबापुढं उभ्या होत्या तवा तुमचे हात कुठं होते. मी हात दाखवाले गेली आन तोंडातून निघून गेलं."

मी सगळ्यांना घरी जायला सांगितलं. मग आईनं मला सांगितलं, पाटावर बसून, नेहमीच्या आवाजात. तिच्याच शब्दांत लिहिते.

"नवरा-बायको दोघं नोकरीत असले का एका राज्यात ठेवत होते. त्याच्यासाठी तुझे बाबा मले घेऊन गेले साहेबाकडं. साहेब भला मानूस. त्यानं तुझ्या बाबाले बाहेर बसवलं आन मले इचारलं, 'मैडम, आप क्या चाहती हैं?' माला, मले तोपर्यंत असं कोनीच इचारलं नव्हतं. माझ्या बापानं नाई, सासऱ्यानं नाई. मी म्हनलं, 'इनको जाने दीजिए, सर.' बस, एवढंच."

"बाबांना माहीत आहे?"

"नाई. बाहेर येऊन म्हनलं, साहेब आयकत नाई."

मी विचारलं, मारत होते का. पीत होते का. मला नवल वाटतं की मी आशेनं विचारलं. तसं काही असतं तर बरं झालं असतं.

"नाई गा. चांगला मानूस. मले नोकरी करू दिली, आन करू दिली हे रोज सांगितलं. तू पोटात होती तवा भीमजयंतीले माझं गानं ठरलं होतं. साडी नेसून तयार झाली होती. ते म्हने, माझ्या दफ्तरचे लोक येतात, तू स्टेजवर चढशील? मी साडी बदलली. त्याच्यानंतर वीस वर्षं मी गायली नाई, घरातबी नाई. त्यायनं बंदी नव्हती घातली, माला. मीच गायली नाई. घरात ते असले का माझा आवाजच निघे ना."

"मला का नाही सांगितलं?"

"तू कधी इचारलं? तू तर अन्याय घेऊनच आली."

मी चिडले. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. निघाले तर दीक्षा आणि विहंग गेलेच नव्हते, गल्लीच्या तोंडाशी उभे. दीक्षा म्हणाली, आता शेवट बदलायचा ना. मी म्हटलं, नाटक माझं आहे, लिहिलंय तसंच होईल.

ती म्हणाली, "ये तो यशवंतराव जी का डायलॉग है, दीदी."

विहंगला हसू आलं. मग त्यानं माझा चेहरा पाहिला.

६ ऑक्टोबर

बाबांच्या घराचा विचार मनातून जात नाही. ओट्यावर दोन कप ठेवतात, असं एकदा म्हणाले होते. सवय म्हणून.

पंचवीस वर्षं त्यांनी त्या साहेबाला शिव्या दिल्या. मीही दिल्या. नाटकात त्याला दुष्ट केलं, वर त्याला मिशा लावणार होते.

१२ ऑक्टोबर, रविवार

दीक्षा आली नाही. विहंगची शिफ्ट. ऋतानं मेसेज केला की मंडळाला राणी कमी पडतेय, ती परत जाते, "प्लीज समजून घे." मी आईच्या समोरच्या खोलीत एकटीच साहेबाचं काम करत बसले, रिकाम्या खोलीला नाही नाही म्हणत. आतून आईच्या गाण्याचा आवाज येत होता. तिनं थांबवलं नाही, मीही नाही.

लोकेशला विचारलं, माझं काय चुकलं. तो म्हणाला, "तू मंडळ सोडलं तवा मले काही इचारलं होतं का?"

"नाही."

"मले वाईट नाई वाटलं. तुह्या मनात होतं, तू उठली." मग जोडे पुसत बसला. कशाचं उत्तर दिलं कुणास ठाऊक.

१९ ऑक्टोबर

उद्या दिवाळी. यशवंतरावांचा फोन आला. मला वाटलं शुभेच्छा. म्हणाले, "दीपमाला, ऐकलं की तुझी माणसं पांगली. मला आनंद नाही झाला हं." मग म्हणाले, परत ये. तुझं नाटक करू, डिसेंबरात, मंडळाच्या रंगमंचावर, दिव्यांसकट. त्यांना ऋताकडून सगळं कळलेलं दिसलं. "तू लिहिलंस तसंच ठेव. रडू येतं, चांगलं आहे. नवऱ्याला जाऊ द्या म्हणणारी बाई वगैरे नको, आपल्याकडे कुटुंबं येतात."

मला किती हायसं वाटलं, ते लिहायला लाज वाटते. २ तारखेचा प्रयोग रद्द, बाबांना काही कळणार नाही, आणि मंडळाचा रंगमंच. मी विचार करते म्हणाले. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "आणि साहेबाचं काम एखाद्या पुरुषाला देऊ. बरं दिसेल."

आईला सांगितलं. ती करंज्या भरत होती. "जायचं तर जा. मी कोनाले अडवत नाई."

"पण तुला काय वाटतं?"

"मले? आता इचारते?" आणि हसली. रागानं नाही. करंजीच्या कडा दाबत राहिली. "माला, तुझ्या बाबाले कळलं तर मले भीती नाई. भीती तुले हाये."

२१ ऑक्टोबर

यशवंतरावांना 'नाही' म्हणून कळवलं. मग दीक्षाला फोन केला. म्हटलं, प्रयोग इथेच होईल, पण मी लिहिलाय तसा. बाबा समोर बसणार आहेत, मी त्यांना असं नाही करू शकत.

मागे कुणाच्या तरी फटाक्यांची माळ वाजत होती. मग म्हणाली, "ठीक है दीदी. आप साहब हैं. आप मना करेंगी तो मैं रो दूँगी, जैसा लिखा है. पर अगर आपने पूछ लिया, तो जवाब मैं दूँगी."

"मी विचारणार नाही."

"ठीक है."

३१ ऑक्टोबर

बाबा आले. स्टेशनवर मला ते आधी ओळखूच आले नाहीत, इतके वाळले आहेत. हातात भोपाळचा जरीच्या नक्षीचा, पान-जर्दा ठेवायचा बटवा, आईसाठी. जर्दा ती खात नाही, बटवा बघून म्हणाली, "चांगला हाये. चष्मा ठेवीन."

आम्ही सगळे गुढियारीला जेवलो. दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखं बोलतात. "भाजी घ्या." "पुरे, पुरे." बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, "पोरीनं माझ्यावर नाटक लिहिलं. त्या साहेबाचं नाव मले अजून याद आहे. त्यानं माझा संसार तोडला." आई वाढत होती. तिचा हात जराही हलला नाही. माझ्या हातातून वाटी सांडली.

२ नोव्हेंबर, रविवार

झालं. जमेल तसं लिहिते.

हॉल भरला. पहिल्या रांगेत बाबा, इस्त्रीचा सदरा, शेजारी त्यांचे जुने दफ्तरातले दोस्त. मागे गाण्याच्या बायांमध्ये आई. मिशा मी लावल्या नाहीत. लोकेशचा कोट घातला.

विहंग चांगला झाला. "काहून" अगदी आपल्यासारखं आलं, बाया हसल्या. पहिले प्रवेश, ऋता नसल्यानं शेजारीण वगळून, सरसर गेले. घर, शाळा, राज्य होण्याच्या रात्रीचे फटाके, मग वाटणी. मग मी टेबलामागे बसले, विहंग आणि दीक्षा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

माझं वाक्य मला पाठ होतं. आदेश ऊपर से आया है. मी तोंड उघडलं. दीक्षाचे हात जोडलेले नव्हते. अंगाजवळ सरळ होते, मुठी नाहीत, काही नाही, नुसते हात. तिनं ते कुणाकडून घेतले ते मला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती, घाई नव्हती तिला. मी म्हटलं असतं तर ती खरंच रडली असती.

मला खाली बाबांचे जोडे दिसत होते. चेहरा बघितला नाही.

मी विहंगला म्हटलं, "आप बाहर बैठिए."

हे वाक्य नाटकात नाही. विहंग क्षणभर उभा राहिला, मग गेला. विंगेत जाऊन स्टुलावर बसला, तो बसल्याचा आवाज आला. हॉलमध्ये कुणीतरी खोकललं. मी दीक्षाला विचारलं, "मैडम, आप क्या चाहती हैं?"

आधी तिनं मागे वळून नवरा गेला त्या बाजूला पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. दया होती थोडी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "इनको जाने दीजिए, सर."

मागच्या बायांतून एक आवाज आला, हसण्याचा की हुंदक्याचा ते कळलं नाही. मग टाळ्या. खूप टाळ्या. मी खुर्चीवरून उठले नाही.

बाबा पडदा पडेपर्यंत बसले. मग उठून बाहेर गेले. मी कोटासकट मागे धावले. ते विहाराच्या कट्ट्यावर बसले होते.

"हे तू बनवलं का खरं हाये?"

"खरं आहे, बाबा."

"कोनं सांगितलं?"

"आईनं."

त्यांनी रस्त्याकडे तोंड केलं. मग म्हणाले, "मी बाहेर बेंचवर बसलो होतो. दोघांसाठी चहा मागवला होता. तिले उशीर झाला. तिचा थंडा होऊन राहिला म्हणून मीच पिलो. मले वाटलं, आत ती माझ्यासाठी हात जोडून राहिली."

मी त्यांच्या हाताला हात लावला. त्यांनी तो काढून घेतला. झटकला नाही, नुसता काढून घेतला. लोकेश त्यांना गाडीवर घरी घेऊन गेला.

आत लोक दीक्षाला घेरून उभे होते. कुणीतरी मला म्हणालं की साहेब फार छान केला. मला चांगलं वाटलं. त्या वेळीसुद्धा चांगलं वाटलं. मी कसली मुलगी आहे?

३ नोव्हेंबर

बाबा सकाळी न सांगता निघून गेले. लोकेशनं स्टेशनपर्यंत पाहिलं. मी ऑफिसात फोन करून सुट्टी घेतली. दुपारी आईचा फोन: "तुझे बाबा इथं हायेत. भाजी-भात खाल्ला. तू येऊ नको."

"काय बोलता आहात?"

"आमचं आमी पाहून घेऊ."

दिवेलागणीला परत आले. डोळे सुजलेले. टीव्ही लावून बसले, आवाज बंद. मी विचारलं, बाबा, रागावलात का माझ्यावर? म्हणाले, "तुझ्यावर? तू तर लहान होती." मी सत्तेचाळीसची आहे.

४ नोव्हेंबर

दीक्षा आली होती. नाटकाचा व्हिडिओ कुणीतरी टाकला, बिलासपूरहून बोलावणं आलंय. पण तिला पुढचं स्वतःचं करायचं आहे, छत्तीसगढी आणि हिंदीत, तिच्या वयाच्या मुलींना घेऊन. "मराठी में मैं अटकती हूँ, दीदी. मुझे अपनी ज़बान में करना है."

म्हणजे वेगळी चूल मोडली, आणि तिच्यातून आणखी एक वेगळी. मला राग आला. मी तिला काय काय शिकवलं ते आठवायला लागले. मग म्हटलं, बिलासपूर तरी करून जा. ती हो म्हणाली, आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला मध्येच धरलं. दोघींना काय करावं कळेना. मग ती गेली.

राग अजून आहे. तिचं नाटक कशावर असेल, हा विचारही आहे.

५ नोव्हेंबर

बाबा आज संध्याकाळच्या गाडीनं गेले. स्टेशनवर आई आली. मी बोलावलं नव्हतं. ती आपल्या गाडीवर आली, हेल्मेट हातात धरूनच प्लॅटफॉर्मवर चालत. मी सामान चढवायला पुढे झाले, मग पाण्याची बाटली आणायला गेले. परत आले तर ते दोघं डब्याच्या दाराशी होते, बाबा वर, आई खाली. मी जरा लांब थांबले, पण ऐकू येत होतं.

बाबा म्हणाले, "तू तवाच मले सांगितलं असतं, तर मी माझ्या मनानं गेलो असतो."

आई म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी थांबले असते."

बाबा दाराच्या दांडीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "हो. थांबलो असतो."

मी तिथेच उभी, बाटली धरून. आई हे कशाबद्दल बोलली, मला अजून ठरवता येत नाही. ते तिला अडवायला थांबले असते, की तिच्यासाठी? आणि बाबांनी कशाला हो म्हटलं? दोघांना कळलं असावं. मला विचारायची हिंमत झाली नाही.

शिट्टी झाली. बाबांनी हात खाली केला. आईनं हेल्मेट काखेत घेतलं आणि तो हात धरला. गाडी हलली तशी ती चार पावलं सोबत चालली, साडीच्या निऱ्या सावरत, घाई न करता.

हात आधी तिनंच सोडला.